जात काढली, रंग घातला

"काळी खंय आसा गो ती? गव्हाळ तर आसा."

"मगे ह्यां ब्लॅक फेमिनिझम कशाक लिवल्यान?"

"माका काय ठावक! काळे झेंडे दाखयतत ना, तसला कायतरी आसतला."

दोघी हसल्या. एकीच्या हातातली लोखंडी खुर्ची फरशीवर घासत गेली आणि तो आवाज माझ्या दातांत शिरला. मी जामसंड्याच्या वाचनालयाच्या आतल्या खोलीत, संदर्भग्रंथांच्या कपाटामागे स्टुलावर बसले होते. मांडीवर टाइप केलेले सात कागद होते. बाहेर हॉलमध्ये बचत गटाच्या बायका खुर्च्या लावत होत्या. महिला दिनाचा कार्यक्रम साडेतीनला सुरू होणार होता आणि त्यात मी बोलणार होते. मी आत आहे हे त्या दोघींना माहीत नव्हतं.

एरवी मलाही हसू आलं असतं. त्या दिवशी मात्र आलं नाही. मी खरोखर किती काळी आहे आणि मी ते लेबल का लावलं, हा प्रश्न मी स्वतःला दोन दिवस विचारत होते. त्या बाईने तो खुर्च्या लावता लावता विचारून टाकला होता.

तिकडे टेबलावर कार्यक्रमाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. त्यावर माझं नाव, त्याखाली ‘ब्लॅक फेमिनिझम आणि मी’, आणि त्याखाली लाल अक्षरांत एकच शब्द: ‘स्वानुभव’. हा शब्द वाचनालयाच्या चिटणीसांनी घातला. ते निवृत्त मुख्याध्यापक. आधी त्यांना ‘ब्लॅक’ हाच शब्द नको होता. "कृष्णवर्णीय म्हणू या का? ब्लॅक म्हटलं की आपल्याकडे लोकांना सिनेमाची तिकिटं आठवतात," असं ते फोनवर म्हणाले होते. मी त्यांना सांगायला हवं होतं की हा शब्द त्या बायकांनी स्वतः निवडला आहे, शिवी म्हणून अंगावर आलेला शब्द उचलून त्यांनी नावासारखा लावला आहे, तो बदलण्याचा हक्क आपल्याला नाही. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, सर." शेवटी ‘ब्लॅक’ राहिला तो छापणाऱ्याला ‘कृष्णवर्णीय’ जमलं नाही म्हणून.

मला ‘नाही’ म्हणता येत नाही. लोक त्याला लाजाळूपणा म्हणतात. मला वाटतं ती भीतीच आहे.

*

ब्लॅक फेमिनिझम हा शब्द मी पणजीला एम.ए.ला असताना पहिल्यांदा नीट ऐकला. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम हळू बोलायच्या, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, अमेरिकेत ‘बाई’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोरी बाई यायची, आणि ‘काळा’ म्हटलं की पुरुष. काळी बाई दोन्हीकडे धरलीच जात नव्हती. गोऱ्या बायका म्हणत होत्या, आम्हाला घराबाहेर पडून काम करू द्या. काळ्या बायका म्हणाल्या, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काम करतोय, तुमच्याच घरात करतोय. त्यांच्याच लढ्यातले पुरुष म्हणत होते, आधी रंगाचं मिटू दे, बायकांचं मग बघू. तेव्हा त्या बायकांनी स्वतःची बैठक वेगळी मांडली. मॅडम म्हणाल्या, "ही बेरीज नाही. एक दुःख रंगाचं, एक बाईपणाचं, एक गरिबीचं, असं मोजू नका. तो एकच मार आहे, आणि तो ज्याला बसतो त्यालाच त्याचा आकार कळतो."

मी ते वहीत उतरवून घेतलं. मग एका मुलाने विचारलं की आपल्याकडे असं कुणी लिहिलंय का. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याच मराठीत दलित बायकांनी हे केव्हाच लिहून ठेवलंय. आधी ते वाचा, मग अमेरिकेला जा." आम्ही मराठी बोलणारे वर्गात पाच जण होतो. पाचही जण खाली बघू लागलो. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. मराठी पुस्तक मी शेवटचं आठवीत वाचलं होतं, तेही परीक्षेसाठी.

त्या वर्षी तो शब्द सगळीकडे होता. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या इन्स्टाग्रामवर नावाखाली तो दिसायचा. एकीने कापडी पिशवीवर छापून घेतला होता. कुणी मुलगी जरा आवाज चढवून बोलली की मागच्या बाकावरचे मुलगे तिला तेच चिडवायचे. कुणी त्याचा दागिना केला होता, कुणी टोमणा. मला तो पांघरुणासारखा वाटला. त्याच्या आत शिरलं की मी भित्री, गप्प मुलगी राहत नसे. मॅडमनी माझ्या एका निबंधावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "या ‘आम्ही’मध्ये कोण कोण आहे?" मी ते खोडरबराने पुसलं आणि निबंध तसाच फाइलला लावला.

माझ्याकडे त्या शब्दाला जोडण्यासारखं एकच होतं. मी सावळी आहे. लहानपणी आत्याकडे गेले की डाळीचं पीठ आणि साय तयार असायची. मागच्या वर्षी एका स्थळाकडून विचारणा आली, "फोटो उन्हात काढलाय का?" आईने पुन्हा फोटो काढायला लावला. हे लागतं. पण जिला असा प्रश्न विचारला जातो ती मुलगीही आमच्या गावात देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाते आणि पहिल्या पंगतीत जेवते. हे मला माहीत होतं. एका इंग्रजी वेब-मासिकाने ‘तुमचा स्वतःचा अनुभव’ मागितला तेव्हाही माहीत होतं.

मी लिहायला बसले, तर डाळीच्या पिठाचा अर्ध्या पानाच्या वर मजकूर होईना. मग मी शिरवाळ्यांचा प्रसंग लिहिला.

*

तो प्रसंग असा आहे.

मी सातवीत होते. आई तेव्हा बचत गटाची अध्यक्ष होती. गटाचा वार्षिक मेळावा आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात होता. प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ करून आणायचा अशी पद्धत होती. घावणे आले, खापरोळ्या आल्या, कुणी काकडीचं धोंडस आणलं. आई सगळ्यांना सांगत होती, "हय सगळ्यो बायको. कोण लहान नाय, कोण मोठी नाय."

सगळ्यांत शेवटी ती आली. आमच्या गल्लीच्या टोकाला, वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, जी वाडी आहे तिथली. गटात त्या वाडीतली ती एकटी होती. आंब्याच्या हंगामात आमच्या बागेतल्या शेडमध्ये, मांगरात, ती पेट्या भरायला यायची, गवत अंथरून त्यावर हापूस लावायची. आई तिला, ती आईपेक्षा मोठी असूनही, नुसत्या नावाने हाक मारायची. मी तिला कशानेच हाक मारत नसे. तिच्या डोक्यावर शिरवाळ्यांचा टोप होता. मागून माझ्याच वयाची तिची मुलगी स्टीलच्या किटलीत नारळाचा गोड रस घेऊन आली. शिरवाळे करणं सोपं नाही. तांदळाचे उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यातून दाबून शेवया पाडाव्या लागतात, हातांना फोड येतात. ती पहाटेपासून त्याच्यामागे असणार.

कुणी तिला परत जा म्हटलं नाही. कुणी वाईट बोललं नाही.

"माका शुगर आसा गो," एक म्हणाली.

"आताच घावणे खाल्लंय, पोटात जागा नाय."

"माझो सोमवार आसा." त्या दिवशी रविवार होता. कुणी हसलं नाही.

ती म्हणाली, "आसांदे, आसांदे. चेडवाक तरी घालतंय." तिने पातळ रस घालून वाटी माझ्यासमोर धरली. मला शिरवाळे फार आवडतात. मी हात पुढे केला होता. तेवढ्यात आई तुळशीजवळून म्हणाली, "अगं, तुझा घसा दुखतोय ना?"

घसा दुखत नव्हता. आईचे डोळे मी पाहिले आणि म्हणाले, "हो." खरं वाटावं म्हणून खोकलेसुद्धा.

तिने वाटी मागे घेतली. "बरा बरा, मगे नको. रसान घसो धरतलो." माझं खोटं तिनेच पुरं केलं. तिची मुलगी हातात किटली धरून उभी होती. ती माझ्या आईकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

टोप जसा आला तसा भरलेला परत गेला. मागाहून कळलं की तिच्या घरीही तिला बोलणी बसली. नवरा म्हणाला, कोणी सांगितलं होतं बायकांच्या सभेत जायला. मॅडमनी वर्गात सांगितलेलं सगळं त्या एका टोपात होतं. सगळ्या बायका सारख्या, पण तुझा टोप वेगळा. आपली माणसं आपली, पण तू गप्प बस.

इंग्रजी लेखात मी ‘ती’चं ‘मी’ केलं. आमचं खळं काढून ‘मावशीच्या गावचं अंगण’ घातलं. जात काढली, रंग घातला: मी काळी म्हणून माझ्या हातचं कुणी खाल्लं नाही, असं लिहिलं. शेवटी ‘मी’ तो टोप समुद्रात ओतते, असाही शेवट केला. तो मला फार आवडला होता. संपादकबाईंनी पत्र पाठवलं की हे वाचून रडू आलं. ते पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. एकदाही मनात आलं नाही की मी कुणाचं काही घेतलंय. मला वाटलं, जामसंड्यात हे कोण वाचणार.

*

चुलत भावाने लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती चिटणीसांकडे गेली. "आपल्या गावची मुलगी, आणि आपल्यालाच पत्ता नाही!" त्यांनी फोन केला. महिला दिनाला हेच मराठीत वाचायचं, आणि मजकूर आधी द्यायचा. मला तेव्हा सुटायची संधी होती. मराठीत करताना ‘मी’चं पुन्हा ‘एक बाई’ करता आलं असतं. पण चिटणीसांनी इंग्रजी वाचलं होतं. ते म्हणाले होते, "तुमच्यावर असं आलं, आणि आम्हाला कळलंही नाही. लाज वाटली मला." एवढं ऐकल्यावर ‘ते माझ्यावर आलं नव्हतं’ हे वाक्य माझ्या तोंडातून येईना.

मराठी मजकूर आईने ओट्यावर बसून वाचला. ती भराभर वाचत होती. मध्ये थांबली, चष्मा पुसला. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ती विचारणार.

आई म्हणाली, "शिरवाळे कशाला लिहिलेस?"

"म्हणजे?"

"दुसरं काहीतरी लिही. धोंडस लिही. तेही लोकांना आवडतं." आणि कागद माझ्याकडे देऊन ती भाजी निवडू लागली.

तोवर मला वाटायचं की आई विसरली असेल. तिला सगळं आठवत होतं, कदाचित माझ्यापेक्षा जास्त. आम्ही दोघी एका घरात इतकी वर्षं तोच टोप लपवून राहत होतो आणि एकमेकींना माहीत नव्हतं. मी खोलीत जाऊन ‘शिरवाळे’ खोडलं आणि ‘धोंडस’ टाइप केलं. तीन ठिकाणी. साच्याचं वाक्य काढून काकडी किसण्याचं घातलं. मग प्रत चिटणीसांना पाठवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी फोनवर संदेश आला. नंबर माझ्याकडे नव्हता, पण फोटो ओळखीचा होता. वहाळापलीकडची तीच मुलगी. ती आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रस्त्यात भेटलो तर आम्ही मान हलवतो, त्यापलीकडे कधी बोललो नाही. संदेशात दोन वाक्यं होती.

"तुझा इंग्रजी लेख वाचला. उद्या आईला घेऊन येतेय."

रागाचा एक शब्द नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. मी उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. संध्याकाळी आईला म्हटलं, अंगात कणकण वाटतेय. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काही नाही. नाव छापलंय. बाहेरच्या पाहुण्या येणार आहेत. जायचं."

*

म्हणून मी सगळ्यांच्या आधी येऊन त्या कपाटामागे बसले होते. बाहेर बायकांची गर्दी होत गेली. अबोलीच्या गजऱ्यांचा आणि नव्या साड्यांचा वास आत येऊ लागला. तीन वीसला चिटणीस डोकावले. "चला, पाहुण्या आल्या. पाणी घ्या जरा, चेहरा उतरलाय."

हॉलच्या दाराशी वहाळापलीकडच्या त्या मायलेकी उभ्या होत्या.

ती आता थकली आहे. केस पांढरे, पण पाठ ताठ. तिने जरीची निळी साडी नेसली होती, खास नेसली होती. मला बघून तिला आनंद झाला. तेच मला सहन होईना.

"बाय, किती दिवसान गो! माझा चेडू म्हणता, तुज्या लेखात आमचा कायतरी आसा. माका इंग्रजी खंय येता. काय लिवलंस तां ऐकूक इलंय." आणि मग, थोडं लाजून, "आमचा कोण लिवता गो?"

मी हसले. मला वाटतं मी हसले. कुणीतरी तिला पुढच्या रांगेत बोलावलं आणि ती गेली. पुढच्या रांगेत, मधोमध, स्टेजपासून चार हातांवर.

मुलगी मात्र हलली नाही. हॉलमध्ये गोंगाट होता, म्हणून तिला माझ्या कानाशी यावं लागलं.

"मी आवशीक त्यात काय आसा तां सांगूक नाय," ती म्हणाली. "तूच सांग."

"मी... नाव घेतलं नाही कुणाचं," मी म्हणाले.

"कसां घेतलंस आसतंस? तुजां म्हणानच लिवलंस ना." तिचा आवाज चढला नाही. "आणि तां समुद्रात ओतलां? तांदूळ कोण समुद्रात टाकता गो? वाडीभर वाटलां आवशीन. सगळ्यांनी पोटभर खाल्लां. तुका इचारूक काय झाला होता?"

इतकं बोलून ती आईच्या शेजारी जाऊन बसली. मी तिथेच उभी राहिले. ते शिरवाळे कुणीतरी खाल्ले होते, आवडीने खाल्ले होते, हे मला इतकी वर्षं सुचलंही नव्हतं. माझ्या गोष्टीत त्यांचं एकच काम होतं, नाकारलं जाणं.

दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांची ओटी भरली. स्टेजवर तिसऱ्या खुर्चीत गटाची माजी अध्यक्ष म्हणून आई होती. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, लहानपणी पाठांतराच्या स्पर्धेत हलवायची तशी. चिटणीस माझी ओळख करून देताना म्हणाले की आज आपल्याला ऐकीव काही मिळणार नाही, भोगलेलं मिळणार आहे. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत तीही टाळ्या वाजवत होती.

मी माइकसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले. पहिली चार पानं सोपी होती. ब्लॅक फेमिनिझम म्हणजे काय, तो कुणी सुरू केला, ‘सगळ्या बायका एक’ म्हणताना कोण सुटून जातं, हे सगळं त्यात होतं. वाक्यं सरळ येत होती. खुर्च्या लावणाऱ्या त्या दोघी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यातली एक मान डोलावत होती. काळ्या बायका गोऱ्या बायकांच्या घरी राबत होत्या हे मी वाचलं तेव्हा हॉलमधली खसफस थांबली. वहाळापलीकडची ती बाई पुढे वाकली. तिला ते सगळं कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

पाचव्या पानावर ओळ सुरू होत होती, "मी सातवीत असताना..."

मी ती वाचली. पुढची वाचली. "मावशीच्या गावी बायकांचा मेळावा होता. मी घरून धोंडस घेऊन गेले."

पुढे मला वाचता येईना.

मी कागदाकडे बघत राहिले. अक्षरं जागेवर होती, काळीभोर, स्पष्ट. पंखा फिरत होता. मनात भराभर येत होतं: वाच. तीन पानं आहेत. सहा मिनिटं. कुणाला कळणार नाही. मुलगी काही बोलणार नाही, ती आईसमोर बोलणार नाही. ती बाई घरी जाईल आणि म्हणेल, आमचा काय नव्हतां गो त्यात. आई घरी जाऊन दृष्ट काढेल. मग दुसरं मनात आलं. खरं सांगितलं तर आईचं काय? ती त्या खुर्चीवर बसलेली असताना, सगळ्या गटासमोर? तेव्हाच्या कितीतरी बायका त्या हॉलमध्ये होत्या. शुगरवाली होती. सोमवारवाली होती. उद्या आम्हाला याच गावात राहायचं आहे. आणि जिचं आहे तिला आताही न विचारताच मी बोलणार होते. तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याकडे बोट करायचं नाही, एवढं तरी मला पाळता आलं पाहिजे होतं. माझं जे होतं तेवढंच सांगायचं. माझं काय होतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं. ते फारच थोडं होतं आणि घाणेरडं होतं.

चिटणीसांना वाटलं मी ओळ चुकले. त्यांच्याकडे प्रत होती. ते बाजूने हळूच म्हणाले, "धोंडस... घेऊन गेले... धोंडस."

कुणीतरी फिसकन हसलं.

"थांबा," मी म्हणाले. ते माइकमधून सगळीकडे गेलं. आईची मान हलायची थांबली. तिला कळलं. तिने मानेने अगदी बारीक ‘नको’ केलं. ती घाबरली होती. आईला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं असतं तर पुन्हा ‘हो’ म्हणाले असते, म्हणून मी कागद उलटा ठेवला आणि पुढच्या रांगेच्या वर, मागच्या भिंतीकडे बघितलं.

"पुढचं मी वाचत नाही. ते खोटं आहे. पत्रिकेवर स्वानुभव छापलंय, तो माझा अनुभव नाही. धोंडस नव्हतं, शिरवाळे होते. ते मी कुठे नेले नाहीत. ते आमच्या खळ्यात आले आणि कुणी खाल्ले नाहीत म्हणून परत गेले. रंगामुळे नाही, जातीमुळे. ज्यांचे होते त्यांना न विचारता मी ते माझे म्हणून लिहिले. मी तिथे होते. ज्यांनी ते खायचे होते त्यांच्यात होते, आणि मी खाल्ले नाहीत."